होडीसाठी विजेची मोटर : किती पाउंडांची, किती वॉटांची?

जुव्यावरचा | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय.

आमचं घर कालावल खाडीच्या काठावर, मालवण तालुक्यात. खाडीतल्या एका जुव्यावर आमची माडाची बाग आहे. (घाटावरच्यांसाठी : जुवा म्हणजे खाडीतलं बेट.) धक्क्यापासून बाग अडीच किलोमीटर आत. आठवड्यातून तीन-चार फेऱ्या होतात. मी, आई, कधी पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा), येताना पन्नास-साठ नारळ. होडी फायबरची, १६ फुटी, मागची फळी सपाट. सध्या पेट्रोलचं जुनं आउटबोर्ड मशीन आहे, म्हणजे मागच्या फळीला अडकवायचं. पावसाळ्यात चार महिने उभं राहिलं की गणपतीत कार्बुरेटर साफ केल्याशिवाय चालू होत नाही. शिवाय आईला आवाजाचा त्रास होतो. ती आता सत्तरीची आहे आणि बागेत जायचं काही सोडत नाही.

विजेची मोटर लावायचा विचार आहे. दुकानदार ५५ पाउंडांची ट्रोलिंग मोटर (होडी सावकाश चालवायची छोटी विजेची मोटर) घ्या म्हणतो. नेटवर कुणी १ किलोवॉट म्हणतं, कुणी ३ एचपी. पाउंड, वॉट आणि एचपी यांचा मेळ कसा घालायचा? बॅटरी म्हणून घरातली इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर चालेल का?

सुकटभाकर | ४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

धागा छान. उत्तर माहीत नाही, पण जागा राखून ठेवतो.

डीसी_वाला | ४ नोव्हेंबर, रात्री ११:२२

आधी ट्युब्युलरचं सांगतो, कारण तिथेच माझे पैसे बुडालेत.

बॅटरीवर १५० लिहिलेलं असतं ते २० तासांच्या हिशोबाने, म्हणजे साडेसात अँपिअरने सावकाश काढलीत तर. ५५ पाउंडांची १२ व्होल्टवाली मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. अशा ओढीला शिशाची बॅटरी लिहिलेला आकडा देत नाही. त्यात ती निम्म्याखाली रोज उतरवलीत तर वर्ष-दोन वर्षांत मान टाकते. वजन पन्नास किलोच्या वर, आत आम्ल, आणि ती ठेवायची हलत्या होडीत. मी ठेवली होती. एकदा बोट कलली आणि तळातल्या पाण्यात आम्ल मिसळलं. पुढचं लिहीत नाही.

लिथियममध्ये एलएफपी घ्या, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची बॅटरी १२८० वॉट-अवर साठवते, वजन १०-१२ किलो, आणि त्यातले ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येतात. एकच खोड : शिशाची बॅटरी दमत दमत जाते, मोटर हळू होते, तुम्हाला कळतं. हिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग आतलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) एकदम बंद करतं. खाडीच्या मध्यावर. म्हणून शंटवाला मीटर, म्हणजे बॅटरीतून किती वीज गेली ते मोजणारा, लावायचाच. व्होल्टमीटर बघून अंदाज येत नाही.

आता पाउंड. पाउंड हा जोर आहे, शक्ती नाही. ५५ पाउंड म्हणजे सुमारे २५ किलोची ओढ, तीही होडी खांबाला बांधून ठेवलेली असताना मोजलेली. होडी पळायला लागली की ओढ घटते. वॉट ही शक्ती, म्हणजे जोर गुणिले वेग. आणि 'इतक्या एचपीच्या बरोबरीची' हे कंपन्यांचं लग्नाच्या बायोडेटासारखं असतं, खोटं नसतं, पण फोटो कुठल्या कोनातून काढलाय ते बघावं लागतं.

इसारकाठचा | ५ नोव्हेंबर, पहाटे २:१०

मी म्युनिकला असतो. इथून जवळच्या श्टार्नबेर्गमध्ये २००५ साली टॉर्कीडो ही विजेच्या बोट-मोटरींची कंपनी सुरू झाली, तिची छोटी आउटबोर्ड इथल्या तळ्यांवर खूप दिसतात. कोनिगझे या तळ्यावर तर १९०९ पासून विजेच्या प्रवासी बोटी चालतात, कारण तळं शांत राहावं म्हणून. टॉर्कीडोचं ट्रॅव्हल ११०३ मॉडेल बघा, १ किलोवॉटच्या वर्गात आहे, बॅटरी मोटरच्याच डोक्यावर बसते, ९१५ वॉट-अवर. मी डिसेंबरमध्ये येतोय, हवं तर सामानातून आणतो.

डीसी_वाला | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

इसारकाठचा भाऊ, ९१५ वॉट-अवरची लिथियम बॅटरी विमानात? प्रवाशाला १०० वॉट-अवरपर्यंत मुभा, विमान कंपनीने परवानगी दिली तर १६० पर्यंत. तुमची बॅग म्युनिकलाच राहील, आणि तुम्हीही.

इसारकाठचा | ५ नोव्हेंबर, दुपारी १:४५

अरे हो की. प्रस्ताव मागे. चितळ्यांची बाकरवडी इकडे आणायची सवय, उलट्या दिशेचा विचारच केला नव्हता.

तांडेलांची_लेक | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

मोटर कुठली ते नंतर. जुव्यावरचा, आधी दोन गोष्टी सांगा. तुम्हाला किती वेगाने जायचंय? आणि खाडीचं पाणी तुमच्या वाटेत किती वेगाने वाहतं?

१६ फुटी होडीची पाण्यात बसलेली लांबी साधारण साडेचौदा फूट धरू. अशा पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाची मर्यादा ठरलेली असते : लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. तुमचं आलं ५.१ नॉट, म्हणजे तासाला साडेनऊ किलोमीटर. त्याच्या जवळ जायला लागलात की होडी स्वतःच्याच लाटेवर चढायचा प्रयत्न करते आणि वॉट नुसते पाण्यात जातात. पेट्रोलच्या मशीनला हे कळत नाही, कारण एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-अवर ऊर्जा असते. बरीचशी उष्णतेत जाते, तरी उरतं ते उधळायला पुरतं. बॅटरीवाल्याला उधळपट्टी परवडत नाही.

त्या वेगाच्या बऱ्याच खाली राहिलात तर ढोबळ नियम असा की शक्ती वेगाच्या घनात वाढते. वेग निम्मा केलात तर शक्ती आठव्या हिश्श्यावर. वेळ दुप्पट लागतो, तरी तेवढ्याच अंतराला ऊर्जा चौथाई.

जुव्यावरचा | ५ नोव्हेंबर, रात्री ९:००

ताई, घाई नाही. तासाला ६ किलोमीटर पुष्कळ झाले. पाणी मोजलं नव्हतं कधी. पण चिंचोळ्या जागी उधाणाच्या सुकतीला (ओहोटीला) नारळाची शेंडी टाकली तर माणूस चालतो तशी जाते. म्हणजे ३ किलोमीटर?

तांडेलांची_लेक | ५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

झकास. शेंडी टाकून मोजणाऱ्याला गणित सांगायला मजा येते.

आता एक प्रयोग करा, पैसे लागत नाहीत. मासे तोलायचा ताणकाटा घ्या, ५० किलोपर्यंतचा. शेजाऱ्याच्या होडीला मशीन आहे ना? त्याच्या मागे तुमची होडी बांधा, मध्ये काटा. दोर किमान दहा-बारा मीटर आणि होडी थोडी बाजूला ठेवा, नाहीतर पुढच्या पंख्याचं पाणी तुमच्यावर येऊन आकडा फसतो. तुमचं मशीन वर उचललेलं, आत नेहमीएवढं वजन. फोनवर जीपीएसने वेग बघत ६ ला स्थिर करा, काटा वाचा. मग ८ ला. पाणी थांबलेलं असताना करा, कारण जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, पाण्यातला नाही. दोन्ही दिशांना करून सरासरी घ्या.

किलोचे न्यूटन करायला ९.८ ने गुणा, वेग मीटर-सेकंदात करून त्याने गुणा, आले होडीला लागणारे खरे वॉट. मोटर आणि पंखा मिळून बॅटरीतल्या वॉटांपैकी निम्म्यापेक्षा कमीच पाण्याला देतात. चांगल्या आउटबोर्डला ४० टक्के धरा, साध्या ट्रोलिंगला ३०.

पाऊणपट | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

पाणी थांबतं कधी हे विचारायला ॲप नको. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे मुंबईच्या आसपास. मालवणकडे भरती थोडी आधी येते आणि खाडीत आत जाल तशी उशिरा. एकदा घड्याळ लावून आपल्या धक्क्याचा फरक काढून ठेवा, जन्मभर पुरतो. प्रयोग अष्टमीच्या आसपास करा, भांगाच्या भरतीला पाण्याला ओढ कमी.

आजयेचो_नातू | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

बाबा रे, आमच्या आजयेन जन्मभर वल्ह्यान बाग केल्यान. पाणी भरता तेवा आत जावचा, सुकता तेवा भायर येवचा. तिका कोणी वॉट इचारले असते तर तिना येकच इचारल्यान असता, 'आज तीथ खंयची?' मोटर घे रे, नको म्हणनय नाय. पण तीथ सोडू नको.

सुकटभाकर | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:३४

आजीला दंडवत.

जुव्यावरचा | १४ नोव्हेंबर, रात्री ८:२०

प्रयोग झाला. बघायला अर्धा वाडा धक्क्यावर. काटा कोळणीकडून आणला, ती म्हणाली होडी तोलून विकतोस काय.

६ च्या वेगाला १७ किलो. ८ ला काटा ३३-३४ च्या मध्ये नाचत होता. होडीत मी, चुलतभाऊ आणि वाळूच्या दोन पिशव्या.

हिशोब : १७ किलो म्हणजे १६७ न्यूटन, गुणिले १.६७, आले २७९ वॉट. ४० टक्क्यांनी भागलं तर बॅटरीतून सुमारे ७००. बरोबर?

तांडेलांची_लेक | १४ नोव्हेंबर, रात्री ८:५५

हिशोब बरोबर. १७ किलो जास्त वाटतात. होडी शेवटची कधी उपडी केली होती?

जुव्यावरचा | १४ नोव्हेंबर, रात्री ९:०२

... गेल्या वर्षी शिमग्याला.

तांडेलांची_लेक | १४ नोव्हेंबर, रात्री ९:०४

खरवडा आणि पुन्हा मोजा. मग बोलू.

वेंबनाडचा_पाहुणा | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

मध्येच तोंड घालतो. मी नोकरीसाठी कोचीत आहे. वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर 'आदित्य' नावाची सौर फेरीबोट जानेवारी २०१७ पासून चालते. ७५ प्रवासी, छपरावर २० किलोवॉटची पॅनेलं. मी मुद्दाम जाऊन बसून आलो. एवढ्या माणसांना तेवढ्याशा शक्तीत कसं नेते? दोन सडपातळ काया जोडलेली बोट आहे, पाणी अलगद कापते, आणि वेग सहा नॉटच्या आसपासच. जुन्या जड लाकडी फेरीबोटीत नुसती मोटर बसवली असती तर हे जमलं नसतं. ताई म्हणतात ते तिथेही दिसतं, आधी तळ, मग मोटर.

अवांतर : बोटीच्या मागे अडकवायची आणि काढून घरी नेता येणारी मोटर पहिल्यांदा आली तीच विजेची. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हेने पॅरिसमध्ये सीन नदीवर चालवली. पेट्रोलवाले नंतर आले.

जुव्यावरचा | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

होडी वर ओढली, उपडी केली. तळाला बोटभर शेवाळ आणि शिंपल्यांचा खडबडीत थर. दोन दिवस खरवडलं, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. आज पुन्हा काटा.

६ ला १२ किलो. ८ ला २६.

डीसी_वाला | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

म्हणजे बॅटरीतून ४९०! ७०० चे ४९०. दोनशे वॉट खरवडून काढलेत राव.

तांडेलांची_लेक | २३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आता खरी निवड. ८ च्या वेगाला २६ किलो म्हणजे ५६७ वॉट पाण्यात, बॅटरीतून १४०० च्या वर. मधल्या आकड्यांवरून अंदाज असा की १ किलोवॉटची मोटर पूर्ण पिळलीत तर तुम्ही सव्वासातला पोचाल. म्हणजे निम्म्या शक्तीत ६, पूर्ण शक्तीत सव्वासात. त्या सव्वा किलोमीटरसाठी बॅटरी दुप्पट वेगाने संपते.

पाण्याचा हिशोब ६ च्या वेगाने, अडीच किलोमीटरला :
पाणी थांबलेलं : २५ मिनिटं, सुमारे २०४ वॉट-अवर.
३ ची ओढ सोबत : १७ मिनिटं, १३६.
३ ची ओढ समोर : ५० मिनिटं, ४०८.

तीच होडी, तीच मोटर, तीच बाग. आजी बरोबर होती.

५५ पाउंडांची मोटर थांबलेल्या पाण्यात तुम्हाला नेईल, कुरकुरत. पण समोरून पाणी आणि वारा दोन्ही आले तर हातात काही उरत नाही. १ किलोवॉटचा वर्ग घ्या आणि निम्म्यावर चालवा. राखीव जोर धक्क्याला लागताना आणि वाऱ्यात अडकल्यावर कामी येतो.

त्रैराशिक | २३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

घननियम खरा धरला तर समोरच्या पाण्याविरुद्ध सर्वात कमी ऊर्जेत जायचा वेग म्हणजे पाण्याच्या ओढीच्या दीडपट. इथे साडेचार. ४०८ ऐवजी ३४४ वॉट-अवर लागतील. वेळ मात्र ५० मिनिटांऐवजी १०० मिनिटं.

आजयेचो_नातू | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

शंबर मिन्टा खाडीत बसण्यापेक्षा काठार बसान चाय पी. पाणी आपणच फिरता.

डीसी_वाला | २४ नोव्हेंबर, सकाळी १०:००

आता वायर, कारण लोक इथे कंजुषी करतात. १००० वॉट १२ व्होल्टला म्हणजे ८० अँपिअरच्या वर. ४८ ला २१. बॅटरी ते मोटर दोन मीटर, जाऊन-येऊन चार मीटर तांबं. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १२ व्होल्टला ५० अँपिअर वाहिले तरी अर्ध्या व्होल्टच्या वर वाटेत जातो, जवळपास ५ टक्के, वायर गरम. ४८ ला त्याच वायरीत २१ अँपिअरला पाव व्होल्टही जात नाही. म्हणून १ किलोवॉट असेल तर ४८ व्होल्टच बघा.

वायर टिन केलेल्या, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या, तांब्याची घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं-काळं पडतं, बाहेरून कळत नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, डीसीचाच. घरातला एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) लावू नका, डीसीची ठिणगी तो नीट तोडू शकत नाही. मी एकदा लावला होता. दुकानदाराने 'सगळं सारखंच' सांगितलं होतं. त्या जागी आता होडीत काळा डाग आहे.

इसारकाठचा | २४ नोव्हेंबर, दुपारी २:३०

इथली तळी गोड्या पाण्याची. तुमच्याकडे खारं, त्यामुळे खास खाऱ्या पाण्याचं मॉडेल आहे ना हे विचारून घ्या. मिन कोटा या ट्रोलिंग मोटरींच्या कंपनीची रिपटाइड ही मालिका त्यासाठीच वेगळी काढलेली आहे. आणि जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा बळीचा तुकडा, म्हणजे ॲनोड, आहे का बघा. मोटरऐवजी तो झिजतो. झिजला की बदलायचा. त्याच्यावर रंग मारायचा नाही, हे इथेही लोक करतात.

पाऊणपट | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

शाफ्टची (मोटरच्या उभ्या दांड्याची) लांबी मागच्या फळीच्या उंचीवरून ठरवा. फळी १५ इंच तर शॉर्ट, २० इंच तर लाँग. आखूड पडली तर आई पुढे बसल्यावर मागची बाजू उचलते आणि पंखा हवा घेतो. आणि वर उचलायची सोय हाताशी हवी, सुकतीला जुव्याजवळ रेती लागणारच. पंख्याला गुंतलेली तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) दर आठवड्याला काढा. ती शाफ्टच्या सीलपर्यंत गेली की आत पाणी.

कागदपत्रांचं : वल्ह्याची होडी वेगळी, मोटर लागली की वेगळी. वीज असो की पेट्रोल. बंदर खात्याच्या कार्यालयात विकत घेण्याआधी जाऊन या, पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवणार असाल तर नक्कीच.

जुव्यावरचा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

पाहुणे नाहीत, फक्त आई आणि नारळ. उद्याच जातो कार्यालयात. सगळ्यांचे आभार, निवड झाली की कळवतो.

सुकटभाकर | २ जानेवारी, सकाळी ९:१५

जुव्यावरचा, काय झालं? धागा वर काढतोय.

जुव्यावरचा | ११ जानेवारी, रात्री ८:४५

उशिराबद्दल क्षमस्व. १ किलोवॉटची, ४८ व्होल्टची आउटबोर्ड घेतली. बॅटरी वेगळी, १६ सेलची एलएफपी, ५० अँपिअर-अवर, म्हणजे २५६० वॉट-अवर. डोक्यावर बसणारी बॅटरी सुटसुटीत होती, पण पाच वर्षांनी तीच मिळेल का, याची खात्री वाटेना. ही इथलाच माणूस उघडून सेल बदलू शकतो. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको.

आकडे : ६ च्या वेगाला मीटर ५२० ते ५४० दाखवतो. ताईंच्या हिशोबाने अंदाज ४९० होता, तेव्हा नारळ मोजले नव्हते. भरतीबरोबर जाऊन सुकतीबरोबर आलो तर दोन्ही फेऱ्या मिळून ३०० वॉट-अवर. एकदा मुद्दाम दोन्ही वेळा उलट्या पाण्यातून गेलो, ९०० च्या जवळ लागले आणि आईने बोलणी खाऊ घातली ती वेगळी.

बॅटरी घरी आणून चार्ज करतो. २३ किलोची आहे, उचलायचं काम चुलतभावाचं. बागेतल्या मांगरावर (खोपीवर) सौर पॅनेल टाकायचा विचार आहे. जुनं मशीन विकलेलं नाही, अजून भरवसा बसायचाय. वल्ही आणि नांगर होडीत असतातच.

आवाजाबद्दल : पहिल्या दिवशी आई अर्ध्या वाटेवर म्हणाली, मशीन बंद पडलं वाटतं, वल्हं काढ.

तांडेलांची_लेक | ११ जानेवारी, रात्री ९:१०

वा! शिमग्याला पुन्हा काटा लावा. किलो किती वाढले ते इथे लिहायचं, तळ कधी खरवडायचा ते त्यावरून ठरवू.

जुव्यावरचा | ११ जानेवारी, रात्री ९:१८

लिहितो ताई. काटा मात्र विकत घ्यावा लागेल, कोळीण आता देत नाही.